सुक्याबरोबर

ग्वाल्हेरला मे महिन्यात कपडे वाळत नाहीत,
तडकतात.
रामसिया गच्चीवरून ऑपरेशनच्या चादरी खाली आणतो
तेव्हा त्या पापडासारख्या वाजतात.
"दीदी, एकदम करारे!"
मीही खूश असायचे. कोरडं म्हणजे स्वच्छ,
हे मला कुणी शिकवलं होतं कोण जाणे.

मुरारच्या आमच्या इस्पितळात, तळघरात, ती पेटी.
दार बँकेच्या तिजोरीसारखं.
आत वायू सोडायचा, ज्याला रंग नाही,
आणि वास आला तर समजावं, उशीर झाला.
वाफेत जे वितळेल ते सगळं त्याच्या हवाली:
झडपा, दुर्बिणीच्या नळ्या,
बाळाच्या नाकात जाणारी सुताएवढी नळी.
आणि गठ्ठ्याच्या पोटात एक साक्षीदार:
कागदाची चिमुकली पट्टी, तिच्यावर दहा लाख बीजाणू.
ते मेले, तर बाकीचं सगळं मेलं.

या खेपेला ते मेले नाहीत.
अठ्ठेचाळीस तासांनी कुपीतलं हिरवं
पिवळं झालं, निर्लज्ज पिवळं.
पुन्हा लावलं. पुन्हा पिवळं.
मिरजकर डॉक्टरांनी चार शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या.
भोपाळचा इंजिनिअर म्हणाला, टाकी बदला,
मग म्हणाला, सील बदला,
मग माझ्याकडे बघून: मॅडम, वेळ नीट लावली होती ना?

बीजाणू म्हणजे
पाणी संपणार हे आधीच ओळखून
स्वतःची घडी घालून बसलेला जीव.
खात नाही, वाढत नाही, कुणाचं ऐकत नाही.
मारायचं तर आत शिरावं लागतं,
आणि आत जायची वाट ओलीची.
ठणठणीत कोरड्या कवचापुढे वायू
बेल बिघडलेल्या घराच्या दारात
पाहुणा उभा राहावा तसा थांबतो, आणि परत जातो.

हे मला माहीत नव्हतं असं नाही.
वहीत तांबड्या शाईने लिहिलेलं:
आर्द्रता तिसाच्या खाली नको.
पण ती वही रत्नागिरीत शिकताना भरलेली;
तिथे ओल मागावी लागत नसे,
भिंतीच द्यायच्या.

रात्री अकराला मापकाकडे पाहिलं.
काटाही अकरावरच.
बाहेर लू अजून दार ठोठावत होती.

"धुतलेलं, वाळवलेलं, पुन्हा ओलं करायचं?"
ओलं नाही रे, ओलसर.
थेंब राहिला तर वायू त्यातच विरघळतो,
चिकट होऊन बसतो, मारायचं विसरतो.
पाणी दिसता कामा नये, पण असायला हवं.
"म्हणजे कितना?"
बोटाला नाही, गालाला कळेल इतकं.
त्याने गाल चोळला, आणि पातेली चढवायला गेला.

बंद खोलीत चार पातेली, गठ्ठे फळ्यांवर,
मी स्टुलावर, काटा चढायची वाट बघत.
बावीस. एकतीस.
माझ्याकडेही एक वाक्य आहे,
सुमेधाने चौदा वर्षांपूर्वी देवासच्या स्टँडवर म्हटलेलं.
मी ते उन्हात घातलं होतं, वर्षानुवर्षं,
करकरीत वाळवून ठेवलं होतं,
आणि समजत होते, संपलं.
सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात.
आमच्या तळघरात उलटं:
ओल्याशिवाय सुकं मरत नाही.
चाळीस. अठ्ठेचाळीस.
चष्म्यावर धुकं आलं. पुसला नाही.

दोन दिवसांनी कुपी हिरवीच राहिली.
इंजिनिअरने अहवालात लिहिलं: सील बदलल्याने.
लिहू दे.
रामसिया आता चादरी सावलीत वाळवतो
आणि उतरवताना प्रत्येक चादर
गालाला लावून बघतो. ओरडले तरी ऐकत नाही.

सुमेधाचा नंबर अजून पाठ आहे.
लावला नाही.
निघताना सवयीने मापकाकडे पाहिलं:
एकोणतीस.
पातेल्यात पाणी होतं. खालचा गॅस
बारीक करून ठेवला, बंद केला नाही.